महागडी केबल घेण्यापूर्वी घरीच करावयाची पारख

स्पीकरसाठी महागडी केबल घ्यावी असे वाटू लागले, की आधी घरातील तार किती लांब व किती जाड आहे ते पाहावे. घरगुती श्रवणात ऐकू येण्याजोगा फरक पडतो तो बहुधा तारेच्या रोधामुळे, म्हणजे विजेच्या प्रवाहाला तार जो अडथळा करते त्यामुळे, आणि रोध ठरतो लांबी, जाडी व धातू यांवरून. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार स्पीकरपर्यंत ५ मीटर नेली, तर जाण्यायेण्याचा मिळून रोध सुमारे ०.१२ ओहम भरतो आणि ८ ओहमच्या स्पीकरचा आवाज जेमतेम ०.१ डेसिबलने उतरतो. ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक तार त्याच अंतरासाठी ०.३४ ओहम रोध देते. स्पीकरचा स्वतःचा रोध मात्र सर्व कंप्रतांना, म्हणजे खालच्या-वरच्या सर्व सुरांना, सारखा नसल्यामुळे, विशेषतः स्पीकर ४ ओहमचा असल्यास, अशा तारेने नादाचा तोल बदलू शकतो. तारेचा रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम ६ टक्के सुवाहक आहे, त्यामुळे तिच्यासाठी अनेक पटींनी पैसे मोजण्यापेक्षा तांब्याचीच जाड तार घेणे मला अधिक योग्य वाटते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार मात्र टाळावी. टोक खरवडले की तिचा पांढरट गाभा दिसतो.

त्यानंतर जोडण्या तपासाव्यात. काळवंडलेली टोके कापून तार पुन्हा घट्ट बसवावी, आणि दोन्ही स्पीकरांची धन व ऋण टोके जुळतात ना, हे पाहावे, कारण एक जरी उलटे लागले तरी खर्ज हरवतो. नवी केबल लावताच जाणवणारी सुधारणा पुष्कळदा या नव्या, घट्ट जोडणीचीच असते.

एवढे करूनही शंका उरल्यास एकाच स्पीकरवर परीक्षा घ्यावी. १०० हर्ट्झचा अखंड सूर लावून दोन्ही केबलींच्या वेळी स्पीकरच्या टोकांवरील व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. फरक १ टक्क्याहून अधिक आल्यास तो रोधाचा समजावा. त्या स्थितीत परीक्षा न घेता जाड तार आणावी. व्होल्टेज जुळल्यास ओळखीच्या ध्वनिमुद्रणातील असा एखादा छोटा तुकडा निवडावा, ज्यात तानपुऱ्याची जवारी स्पष्ट ऐकू येते. तो प्रथम दोन्ही केबलींवर उघडपणे, हवा तितका वेळ ऐकावा. मग घरातील कोणीतरी नाणे उडवून, आपल्या नजरेआड, त्यांपैकी एक केबल लावावी. अदलाबदलीच्या वेळी ॲम्प्लिफायर बंद ठेवावा, आणि तीच केबल कायम राहणार असली तरी ती काढून पुन्हा बसवावी, म्हणजे लागलेल्या वेळावरून अंदाज बांधता येणार नाही. तुकडा ऐकून कोणती केबल लागली आहे ते आपण ओळखावे. अशा १६ फेऱ्या कराव्यात, प्रत्येक उत्तर लिहून ठेवावे आणि ताळा शेवटीच पाहावा. निव्वळ अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. तेवढी आली, तर फरक ऐकू येतो असे मानण्यास आधार आहे. ही परीक्षा विकत घेण्यापूर्वी करणे शक्य नसल्यास केबल परत करण्याची मुदत दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावी.