पिंपल जावेत म्हणून व्हिटॅमिन खाताय? आधी या चुका टाळा

व्हिटॅमिनची गोळी खाऊन पिंपल थांबत नाहीत. रक्ताच्या रिपोर्टात एखादी कमतरता निघाली तर ती भरून काढावी, तो विषय वेगळा. खाण्यापिण्याचा परिणाम होतो, पण थोडा, आणि तो दिसायला दोन-तीन महिने जातात. ठाण्यातल्या नौपाड्यातल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे मी इतक्यांदा बोललोय की शेजारचा झेरॉक्सवालाही आता लोकांना हेच सांगतो. तरी गिऱ्हाईक येतंच: "काका, स्कीनसाठी एखादं चांगलं व्हिटॅमिन द्या ना, रविवारी साखरपुडा आहे."

पिंपल होतो कसा, एवढं तरी आधी समजून घ्या. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन हार्मोन वाढलं की ती जास्त तेल सोडते, तोंडाशी मृत पेशींचं बूच बसतं, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जीवाणू वाढतात आणि सूज येते. जेवण यात शिरतं ते इन्सुलिनच्या वाटेने. साखर-मैद्याचं खाणं रक्तात भराभर उतरतं, इन्सुलिन आणि आयजीएफ-१ हे वाढीचं हार्मोन वाढतं, ग्रंथीला आणखी जोर मिळतो. यात गोळीने काय साधणार?

एकच व्हिटॅमिन चार डब्यांतून

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घोडबंदर रोडला राहणारा एक इंजिनीअरिंगचा मुलगा. आई त्याला दुकानात घेऊन आली. कपाळ, छाती, पाठ, सगळीकडे लाल दाणे, शिक्का मारल्यासारखे एकाच मापाचे. ब्लॅकहेड जवळजवळ नाहीत. "भाऊ, जिमला जायला लागल्यापासून हा बाहेरचं काही खात नाही हो, तरी बघा!" मी मुलाला विचारलं, घेतोस काय? म्हणाला, "काही नाही काका, फक्त सप्लिमेंट."

हा 'फक्त' ऐकला की मी बिल करायचं थांबवतो. त्याला म्हटलं, घरी जा, जे काही घेतोस ते सगळं पिशवीत घालून आण. संध्याकाळी पिशवी आली. व्हे प्रोटीनचा (दुधापासून काढलेल्या प्रोटीनचा) डबा, कसरतीआधी घ्यायची पावडर, मल्टिव्हिटॅमिन, केस-त्वचा-नखांसाठीची गोळी आणि मिथाइलकोबालामिनच्या, म्हणजे बी-१२ च्याच, इंजेक्शनच्या रिकाम्या काचा. इंजेक्शन का? तर 'एनर्जी येते' असं जिममधल्या कोणीतरी सांगितलं आणि ओळखीतल्या कंपाउंडरने आठवड्याला एक टोचलं. मी स्केचपेन घेऊन प्रत्येक लेबलवर बी-१२ शोधून गोल केला. व्हे सोडून सगळीकडे गोल. माणसाला दिवसाला लागतं साधारण दोन-अडीच मायक्रोग्रॅम. इंजेक्शनच्या एका काचेवर छापलेलं होतं १,५००. मुलाचा आधीचा रिपोर्ट? काढलेलाच नव्हता.

बी-१२ च्या मोठ्या डोसाने असे दाणे उठतात, हे त्वचेच्या डॉक्टरांना जुनंच ठाऊक आहे. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी त्याचं एक कारणही दाखवलं. अंगात बी-१२ भरपूर झालं की त्वचेवरचे हेच जीवाणू स्वतःचं बी-१२ बनवणं कमी करतात आणि त्याऐवजी पोर्फिरिन नावाचं रसायन जास्त बनवतात, त्याने सूज वाढते. अभ्यास लहान होता. दहा निरोगी माणसांना इंजेक्शन दिलं, त्यातल्या एकाला आठवड्याभरात पिंपल आले. म्हणजे सगळ्यांना होत नाही. पण ज्याला होतं त्याला पुढे त्याच्यावरच आणखी एक 'स्कीन व्हिटॅमिन' विकलं जातं, त्यातही बी-१२ असतंच, आणि मग चक्र थांबत नाही.

व्हे प्रोटीनचंही असंच. ते सुरू केल्यावर पिंपल उसळल्याच्या नोंदी व्यायाम करणाऱ्या तरुणांत डॉक्टरांनी केलेल्या आहेत. मटकीची उसळ, अंडी, चणे यांनी दंड होत नाहीत असं कोणी सांगितलं, देव जाणे.

त्या मुलाला स्कीनच्या डॉक्टरांकडे पाठवला. त्यांनी इंजेक्शन आणि डबे बंद केले, लावायला मलम दिलं. छाती-पाठ काही आठवड्यांत निवळली, चेहऱ्याने मात्र अख्खा पावसाळा घेतला. बरा झाल्यावर हा पठ्ठ्या परत काउंटरवर: "काका, आता कुठलं व्हिटॅमिन सुरू करू?" मी हात जोडले.

एक मात्र लक्षात ठेवा. शाकाहारी माणसांत बी-१२ खरोखर कमी असू शकतं. हातापायाला मुंग्या येत असतील, रिपोर्ट कमी असेल आणि डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं असेल, तर दोन पिंपलांना घाबरून ते परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील.

सोमवारपासून सगळं बंद

दुसरी जमात उपाशी राहणाऱ्यांची. आईने सांगितलेले 'उष्ण' पदार्थ, रीलवाल्या ताईने सांगितलेलं दूध-गहू, मैत्रिणीने सांगितलेले शेंगदाणे, सगळं एका दिवसात सोडायचं. आठ दिवस आरशात बघायचं. नवव्या दिवशी चिडून स्टेशनबाहेर दोन वडापाव आणि वर कोल्ड्रिंक. अशाने कळणार काय, कशाने वाढतं आणि कशाने नाही? आज गालावर फुटलेल्या पिंपलाची तयारी आत कित्येक आठवडे आधी सुरू झालेली असते, आणि आपण काल रात्रीच्या जेवणाला शिव्या देतो.

ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १५ ते २५ वयाची ४३ मुलं घेतली होती. काहींना साखर हळूहळू चढेल असं जेवण दिलं, बाकीच्यांना नेहमीसारखं. १२ आठवड्यांनी पहिल्या गटातले पिंपल जास्त कमी झाले. त्या मुलांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे श्रेय जेवणाचं किती आणि वजनाचं किती, हा प्रश्न उरतोच. तरी बघा, बारा आठवडे. आठ दिवस नव्हे. पापुआ न्यू गिनीच्या किटावा बेटावर तपासलेल्या १,२०० जणांत एकालाही पिंपल सापडला नाही, हा २००२ मधला अहवाल हल्ली फार फिरतो. ते लोक कंद, फळं, मासे आणि नारळ खातात. पण त्यांचं रक्त वेगळं, राहणं वेगळं. ठाण्यात बसून रताळी खाल्ल्याने कोणी किटावाचा होत नाही.

माझी पद्धत साधी आहे, शास्त्रीय म्हणणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिला नंबर कोल्ड्रिंक आणि बाटलीतल्या ज्यूसचा, मग चहातली साखर आणि त्याबरोबरची बिस्किटं, मग मैदा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत तारखेला खूण करायची आणि महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढायचा. रोज फोटो काढणारे लोक वेडे होतात. मामलेदारची मिसळ सोडायला मी कोणाला सांगत नाही. तिखटाने पिंपल येतात याला धड पुरावा नाही. हात आखडायचा तर पावाच्या लाद्यांवर आखडा.

दुधाबद्दल विचारतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या पाहणीत शाळकरी वयातलं दूध आणि पिंपल यांचा संबंध दिसला, आणि तो साय काढलेल्या दुधाशीही होता. पण सगळं आठवणीवरून लिहिलेलं. दोन-तीन महिने कमी करून बघा, फरक नसेल तर पुन्हा प्या.

बाकीच्या भानगडी

व्हिटॅमिन ए ची कॅप्सूल मनाने कधीच घेऊ नका. ते अंगात साठतं, जास्त झालं की यकृताला त्रास होतो, डोकं दुखतं, ओठ फाटतात आणि गरोदरपणात बाळाला व्यंग येऊ शकतं. याच घराण्यातली आयसोट्रेटिनॉइन ही गोळी पिंपलवर जबरदस्त चालते, पण ती चिठ्ठीवर आणि तपासण्या करूनच. बाळाला धोका असल्याने गरोदर स्त्रीने ती घ्यायचीच नाही. "मैत्रिणीला फरक पडला" ही चिठ्ठी नव्हे. अशा मुलींना मी परत पाठवतो, रागावल्या तरी. गाजर खा की, त्याने फार तर तळहात पिवळे होतील.

ई ची हिरवी कॅप्सूल टाचणीने फोडून तोंडाला फासणं बंद करा. आधीच तेलाने बुजलेल्या त्वचेवर आणखी तेल, आणि काहींना त्याचीच ॲलर्जी.

झिंकला थोडा आधार आहे. फ्रान्समध्ये ३३२ जणांवर ३० मिलिग्रॅम झिंक आणि मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक यांची तुलना झाली. दोन्हींनी फरक पडला, अँटिबायोटिकने बराच जास्त. घ्यायचंच तर डॉक्टरांना विचारून आणि जेवणानंतर, नाहीतर मळमळतं. ४० मिलिग्रॅमच्या वर महिनोन्महिने घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं.

बायोटिन (केस-नखांच्या गोळ्यांत असतं ते व्हिटॅमिन) घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी लॅबवाल्याला सांगा, आकडे चुकीचे येतात.

आंब्याने तोंडाभोवती पुरळ आलं तर बहुतेक वेळा ती देठाच्या चिकाची करणी. आंबा पाण्यात ठेवून, नीट धुऊन खा.

चार-पाच लिटर पाणी प्यायल्याने पिंपल धुऊन निघत नाहीत. 'रक्त शुद्ध' करणाऱ्या सिरपचं लेबल एकदा वाचा, साखर किती आहे ते.

कपाळावरच फोड असतील तर आधी डोक्याला तेल किती थापता ते बघा. पावसाळ्यात खाजणारे बारीक दाणे बुरशीचेही असतात, तिथे आहार काय करणार? पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस, तर पीसीओएसची (बायकांमधल्या हार्मोनच्या बिघाडाची) तपासणी. खोल, दुखणाऱ्या गाठी आणि खड्डे पडायला लागले तर डाएटचे प्रयोग सोडून थेट स्कीनच्या डॉक्टरांकडे जा. खाजगीतली फी परवडत नसेल तर कळव्याला महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप, डबे, मलमं पिशवीत घालून न्या. मोबाइलवरचे फोटो नकोत, त्यात बारीक अक्षर कोणालाच वाचता येत नाही.