फोन घ्यायच्या आधी बारीक अक्षरं वाचा

साताऱ्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक बॉक्सचा फोटो पाठवून विचारतं, "दादा, हा घेऊ का?" माझं सांगणं एकच असतं : मोठ्या आकड्याशेजारी बारीक चांदणी असेल, तर तिचा खुलासा कंपनीच्या वेबसाइटवर अगदी तळाला असतो. आधी तो वाचा.

'१२ जीबी रॅम'च्या खाली ६+६ दिसलं, तर खरी रॅम ६च. बाकीची स्टोरेजमधून उसनी घेतलेली, आणि स्टोरेज रॅमपेक्षा खूपच मंद. हिशेब सहाचाच धरा.

१०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या मोडवर नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. यात खोटं काही नाही, कमी उजेडात त्याचा फायदाच होतो. पण त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. स्वस्त फोनमागच्या तीन-चार भिंगांपैकी एखाददुसरं नुसतं २ मेगापिक्सेलचं असतं. दुकानाच्या झगझगीत दिव्याखाली कुठलाही कॅमेरा छानच दिसतो. म्हणून डेमो पीस घेऊन कोपऱ्यातल्या सावलीत जा, सोबतच्या माणसाला चालायला सांगा आणि फोटो काढा. मग तो मोठा करून केस आणि बोटं बघा. घरातली लहान मुलं काही स्थिर बसत नाहीत, तेव्हा तुमचे निम्मे फोटो असेच निघणार आहेत.

पाण्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो. बॉक्सवरचं आयपी६८ म्हणजे फोन धूळ-पाण्यात किती टिकतो याचं मानक. त्याची चाचणी प्रयोगशाळेत, स्थिर गोड्या पाण्यात होते. समुद्राचं खारं पाणी किंवा तलावातलं क्लोरीन तिच्यात धरलेलं नसतं. फोन पोहण्याच्या तलावात आणि समुद्रात वापरता येतो, असं जाहिरातींत दाखवल्याबद्दल २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात सॅमसंगला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. ते फोन ओले असताना चार्जिंगला लावले तर पोर्ट, म्हणजे चार्जरची पिन घालायची जागा, गंजू शकत होता. माझ्या टेबलावर हिरवट पडलेले पोर्ट पावसाळाभर येत असतात. पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, तेव्हा वॉरंटी कार्डावरची ती ओळ शोधाच. आणि फोन एकदा उघडला, की कडेचा गोंद तुटतो. तो नीट बदलला नाही तर आयपी६८ फक्त बॉक्सवर उरतं.

चार्जिंगचे ६७ वॉट सुरुवातीलाच मिळतात, बॅटरी भरत आली की वेग उतरतो. तेवढेही मिळायला कंपनीचाच चार्जर आणि केबल लागते. तो बॉक्समध्ये आहे का, हे बिल करण्याआधी विचारा.

५जीचं म्हणाल, तर जिओवाल्यांनी स्पेसिफिकेशनमध्ये एन२८ आणि एन७८ हे दोन्ही बँड, म्हणजे नेटवर्कच्या लहरींचे पट्टे, आहेत का ते बघावं. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, भिंतींमधून लांबवर पोचणारा. घर जाड भिंतींचं असेल तर याच बँडचा उपयोग जास्त.