जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी चाळताय? या चुका टाळा

१९२१ साली मुंबईत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे ६६०हून अधिक बाळं वर्षाच्या आत दगावली. गिरणगावावरच्या लेखांत हा आकडा हमखास येतो, आणि बहुतेक वेळा पुढचं वाक्य असतं, ‘म्हणजे मुंबईत तीनपैकी दोन बाळं मरत होती.’ आकडा कुणी बनवलेला नाही, सरकारी दप्तरातलाच आहे. गडबड आहे ती ‘म्हणजे’च्या पुढे.

सध्या हा विषय काढायला निमित्तही आहे. जातीच्या दाखल्यासाठी कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून तहसील कचेऱ्यांतले गाव नमुना १४ आणि कोतवाल बुकं, म्हणजे गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या वह्या, धूळ झटकून बाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. दाखल्याचं काम झाल्यावर बऱ्याच जणांना त्याच पानांत गावातल्या प्लेगचा, एन्फ्ल्यूएंझाचा, मुंबईला गेलेल्या माणसांचा इतिहास दिसू लागलाय. ही चांगलीच गोष्ट आहे. पण दाखल्यासाठी एक ओळ सापडली की भागतं. गावात किती माणसं मेली, कशाने मेली, किती निघून गेली हे सांगायचं तर काम वेगळं आहे.

नोंद जिथली, माणूस तिथला असं धरणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथेच जरा थांबू.

पहिलं बाळंतपण माहेरी. गिरणीतल्या कामगाराची बायको दिवस भरत आले की कोकणात जायची, मूल तिथे व्हायचं, जन्म तिथल्या पाटलाच्या वहीत चढायचा. दोन-तीन महिन्यांचं बाळ घेऊन ती चाळीतल्या एका खोलीत परत यायची. ते बाळ हगवणीने किंवा छाती भरून गेलं, तर मृत्यू मुंबईच्या खात्यात. बाळ मरताना मुंबईचं, जन्मताना मुंबईचं नाही.

साधा हिशेब करून बघा. समजा, मुंबईत राहणाऱ्या आयांना हजार मुलं झाली, त्यातली पाचशे गावी. दोन्ही गटांतली दीडदीडशे मुलं मुंबईत दगावली. मुंबईच्या दप्तरात ३०० मृत्यू आणि ५०० जन्म, म्हणजे दर हजारी ६००. प्रत्यक्षात हजारातली तीनशे गेली. गावीच दगावलेली मिळवली तरी आकडा सहाशेच्या जवळ जात नाही.

यावरून ‘बालमृत्यू फुगवून सांगितले’ असं लिहायला धावू नका. ती उलट बाजूची चूक. दर हजारी तीनशे हासुद्धा भयंकर आकडा आहे, आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांत तो मोठ्या घरांपेक्षा कितीतरी जास्त होता हे त्या काळच्या अहवालांतही दिसतं.

मोठ्या माणसांच्या बाबतीत हाच प्रकार उलटा चालायचा. क्षयाने खंगलेला गिरणी कामगार पगार थांबला की गावची बोट धरायचा आणि घरी जाऊन मरायचा. मुंबईच्या यादीतून तो गायब, गावच्या वहीत ‘ताप’ किंवा ‘खोकला’. शहर जितकं वाईट होतं त्यापेक्षा बरं दिसतं, कोकण उगाच रोगट दिसतं. १९२१ला मुंबईतल्या माणसांपैकी खुद्द मुंबईत जन्मलेली जेमतेम सहावा हिस्सा होती, आणि हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास. रत्नागिरी जिल्ह्यात १९०१ला हेच प्रमाण हजारामागे अकराशेच्या वर. असल्या दोन ठिकाणांचे मृत्यूदर वयाची आणि स्त्री-पुरुषांची फोड न करता शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

उपाय एकच, आणि तो कष्टाचा आहे: एका ठिकाणची वही घेऊन बसू नका. सासरचं आणि माहेरचं अशी निदान दोन गावं घ्या. मुलीचं नाव लग्नानंतर बदलतं, ती दुसऱ्या वहीत जाते, त्यामुळे वंशावळीत पुरुष सापडतात आणि बायका हरवतात. घरात थोरलं मूलच दिसत नाही? आधी आजोळच्या गावची वही उघडा.

शिरगणती (जनगणना) कोणत्या महिन्यात झाली ते न बघणं

मुंबईची लोकसंख्या १८९१ला ८,२१,७६४ आणि १९०१ला ७,७६,००६. ‘प्लेगने पंचेचाळीस हजार माणसं कमी केली’ असं वाक्य इथे आपोआप सुचतं. तसं नाही. प्लेगचे मृत्यू त्याहून बरेच जास्त होते, आणि आकडा खाली आला त्यात पळापळीचा वाटा मोठा होता. १९०१ची मोजणी १ मार्चची. मुंबईत प्लेगचा जोर फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे ऐन साथीत मोजलं. १९०६मध्ये शहराची पुन्हा मोजणी झाली तेव्हा ९,७७,८२२ भरले. पाच वर्षांत दोन लाख मुलं जन्मली नाहीत, माणसं परत आली आणि नवी भर पडली.

त्यामुळे १८९७च्या मृत्यूंना १८९१च्या लोकसंख्येने भागू नका. त्या फेब्रुवारीपर्यंत जवळपास निम्मं शहर रिकामं झालं होतं. मागे राहिलेल्यांतला दर तुमच्या उत्तराच्या जवळपास दुप्पट निघेल. साथ नसतानाही शिमगा, लग्नसराई, पेरणी यांप्रमाणे शहर भरायचं-ओसरायचं. महिन्यागणिक दर काढणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

‘ताप’ हा रोग समजणं

मृत्यूचं कारण लिहिणारा डॉक्टर नव्हता. खेड्यात ते काम गावकामगाराचं, आणि त्याच्यापुढचे रकाने ठरलेले: पटकी (कॉलरा), देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात, इतर. देवी आणि पटकी कुणालाही ओळखू यायच्या, तिथे बऱ्यापैकी भरवसा ठेवा. उरलेलं बहुतेक सगळं तापात.

प्लेगच्या साली तर लपवण्याचं कारणही होतं. घरझडती, रुग्णाला उचलून नेणं, बाकीच्यांची छावणीत रवानगी, हे कळल्यावर कोण सांगेल घरात गाठीचा ताप आहे म्हणून? तेव्हा ‘प्लेग’ लिहिलेल्या ओळी मोजून थांबू नका. त्या महिन्यातले एकूण मृत्यू घ्या, आधीच्या पाच साध्या वर्षांतल्या त्याच महिन्याची सरासरी वजा करा. जो जादा भरेल तो साथीचा अंदाज.

१९१८ला हीच रीत लावा. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसं मेली. तुमच्या गावच्या वहीत मात्र एन्फ्ल्यूएंझा हा शब्दही नसेल, आश्विन-कार्तिकात तापाच्या ओळी एकाखाली एक लागलेल्या दिसतील. आणि मधेच आठ-दहा दिवस कोरे असतील तर ‘साथ ओसरली’ म्हणू नका. लिहिणाराच अंथरुणाला खिळला असण्याची शक्यता जास्त. पुढच्या पानावर एकाच शाईत, एकाच हाताने ओळीने उतरवलेल्या नोंदी दिसल्या तर त्या मागाहून भरल्यात असं समजा.

सरासरी आयुर्मान वीस म्हणजे लोक विशीत मरत असं समजणं

१९११-२१च्या दशकात हिंदुस्थानात जन्मतःचं अपेक्षित आयुष्य वीस वर्षांच्या आसपास होतं. हा आकडा अर्भकं खाली ओढतात. त्यात या दशकात एन्फ्ल्यूएंझा आहे, आणि त्याने नेमकी वीस ते चाळीसची धडधाकट माणसं नेली. लहानपण पार केलेल्यांतले बरेच जण पन्नाशी-साठी गाठत होते. बाकी यावर फार लिहायची गरज नाही, आपल्याच पणजोबांची वयं आठवा.

मात्र ती वयंही जपून वापरा. तीस, पस्तीस, चाळीस, पन्नास इथे माणसांची गर्दी आणि एकतीस, एकोणचाळीसला शुकशुकाट असेल, तर वयं अंदाजाने सांगितलेली आहेत. अशा वेळी पाच-पाच वर्षांचे गट करा.

वही कितपत पुरी आहे हे तपासायची आणखी एक सोपी युक्ती: जन्मलेले मुलगे आणि मुली मोजा. शंभर मुलींमागे साधारण एकशेपाच मुलगे अपेक्षित असतात. मोठ्या संख्येत एकशेवीस-पंचवीस निघाले, तर मुलींच्या नोंदी गळल्यात, आणि बहुधा लहानपणी गेलेल्या मुलींच्या मृत्यूंच्याही.

आजचा जिल्हा मागे नेणं

‘मुंबई इलाख्याचा मृत्यूदर’ म्हणजे महाराष्ट्राचा नव्हे. त्यात गुजरात, कर्नाटकाचे जिल्हे आणि सिंध होता. मराठवाडा निजामाकडे, नागपूर मध्य प्रांतात. वऱ्हाडाचे अहवाल तर वेगळ्याच कपाटात सापडतील. रत्नागिरी घेतलीत तर विशेष सावध राहा. स्वातंत्र्यापूर्वी मालवण, वेंगुर्ले त्या जिल्ह्यात होते पण सावंतवाडी संस्थान नव्हतं, पुढे तेही आलं, आणि १९८१ला सिंधुदुर्ग वेगळा झाल्यावर हे सगळंच बाहेर गेलं. दीडशे वर्षांची एक रेघ काढायची असेल तर जिल्हा सोडा, तालुकावार आकडे जोडा, आणि कोणतं गाव कधी कोणत्या तालुक्यात गेलं ते शेजारच्या रकान्यात लिहीत चला.