फजी पण हलकी ब्राउनी: केळं, कोको आणि निम्म्याहून कमी बटर

आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यातल्या कोणाच्या ना कोणाच्या मळ्यातून केळ्यांची फणी घरी येतेच, आणि आली की दोन-तीन दिवसात सगळी एकदम पिकतात, मग शिकरण खाऊन खाऊन किती खाणार. ही ब्राउनी त्या काळ्या पडायला लागलेल्या केळ्यांसाठीच आहे. जळगावच्या केळीला २०१६ मधे जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालाय वगैरे सगळं खरं, पण ब्राउनीला कुठलंही केळं चालतं, फक्त सालीवर काळे ठिपके भरपूर हवेत कारण तोवर आतल्या स्टार्चची साखर झालेली असते. हिरवट-पिवळं केळं घातलं तर गोडवा पण नाही आणि मळकट गुठळ्या राहतात त्या वेगळ्या.

आता मुद्दा. ब्राउनी फजी, म्हणजे आतून दाट आणि ओलसर, होते ती मैदा कमी असल्यामुळे आणि भट्टीतून वेळेवर बाहेर काढल्यामुळे. बटर त्याला मदत करतं, पण लोक समजतात तितकं लागत नाही. नेहमीच्या रेसिपीत १६ तुकड्यांना साधारण १५० ग्रॅम बटर, १५० ग्रॅम चॉकलेट आणि २५० ग्रॅम साखर जाते, आणि १०० ग्रॅम बटरमधे ७२० च्या आसपास कॅलरी असतात, साखरेत ३९०, केळ्यात फक्त ९०. म्हणजे कापायचं असेल तर कात्री कुठे लावायची ते दिसतंच. बटर आणि चॉकलेट कमी, कोको पावडर जास्त, राहिलेला ओलावा केळ्याचा. हिशोब केला तर नेहमीची ब्राउनी तुकड्याला २०० च्या वर जाते आणि ही ११५-१२० ला बसते.

साहित्य सांगते, ७ इंची चौकोनी टिनसाठी (१६ तुकडे): बिनमिठाचं बटर ६० ग्रॅम, कोको पावडर ५० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, कुस्करलेलं केळं ८० ग्रॅम (मध्यम आकाराचं एक), अंडी २, मैदा ६० ग्रॅम, डार्क चॉकलेट ५० ग्रॅम बारीक तुकडे करून, इन्स्टंट कॉफी १ चमचा, व्हॅनिला १ चमचा, मीठ पाव चमचा. पिवळं खारट बटर घेतलं तर मीठ घालू नका. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही, विसरलेय म्हणून नाही तर फुगायलाच नको म्हणून नाही. अंडं खात नसाल तर खाली सांगितलंय.

वजनकाटा असेल तर उत्तम, छोटा डिजिटल काटा आता कुठेही मिळतो आणि घरातल्या वाट्या कधीच एकसारख्या नसतात. नसेलच तर २४० मिलीच्या कपाने मैदा अर्धा कप, कोको अर्धा कप आणि दोन चमचे, साखर पाऊण कप. मैदा कपात दाबून भरायचा नाही, चमच्याने सैल टाकायचा आणि वरून सुरीने सपाट करायचा, कारण दाबून भरला की २०-२५ ग्रॅम सहज जास्त जातो आणि तेवढ्यात फजी ब्राउनीचा केक होतो.

चॉकलेटचं पाकीट उलटं करून वाचा. कोको बटर लिहिलं असेल तर ते चॉकलेट, हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलं असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड स्वस्त असतं आणि बेकरीच्या सामानाच्या दुकानात तेच आधी पुढे करतात, केकवर ओतायला ठीक आहे, पण आपण चॉकलेट एवढंसंच घालतोय तर निदान खरं घाला. कोकोमधे पण दोन प्रकार, नॅचरल म्हणजे फिकट तपकिरी आणि चवीला जरा आंबट, आणि डच प्रोसेस म्हणजे अल्कली लावलेली, गडद आणि सौम्य. सोडा नसल्यामुळे इथे कुठलीही चालते, मला डच आवडते कारण रंग काळाभोर येतो. ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा मात्र नको, त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते.

सगळ्यात आधी ओटीजी (विजेवरची छोटी भट्टी) १७० वर लावून द्या, वर-खाली दोन्ही रॉड चालू, १५ मिनिटं. टिनला बटर पेपर असा लावा की दोन बाजूंनी कान बाहेर राहतील, नंतर धरून उचलता येतं.

आता जे करायचंय ते घाई न करता करा, कारण सगळी चव इथेच आहे. जाड बुडाच्या पातेल्यात बटर मंद गॅसवर वितळवा, फेस यायला लागला की गॅस बंद, आणि लगेच त्यात कोको आणि कॉफी टाकून व्हिस्कने फिरवा. आधी कोरडं, गोळे गोळे दिसेल, मग अर्ध्या मिनिटात चकचकीत काळा लगदा होतो आणि वास एकदम बदलतो, डब्यातल्या पावडरीचा तो धुळकट वास जाऊन बेकरीच्या बाहेर उभं राहिल्यासारखा वास येतो. कोकोची चव गरम फॅटमधे खुलते, म्हणून थंड पिठात कोरडी चाळून घातलेली ५० ग्रॅम आणि गरम बटरात भिजवलेली ५० ग्रॅम यात फार फरक पडतो, आणि कमी चॉकलेटमधे काम भागतं ते याच्यामुळेच. हे पाच मिनिटं बाजूला ठेवा, कोमट होऊ द्या. उकळतं असताना अंडं घातलं तर अंड्याची भुर्जी होईल.

तोपर्यंत दुसऱ्या भांड्यात अंडी आणि साखर हाताच्या व्हिस्कने दोन-तीन मिनिटं फेटा. रंग फिकट झाला, व्हिस्क उचलल्यावर धार जाडसर पडायला लागली की थांबा. वरची ती पातळ, चकाकणारी, तडकलेली पापडी यातूनच येते, साखर अंड्यात नीट विरघळली पाहिजे, म्हणून जाडी साखर असेल तर मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या. इलेक्ट्रिक बीटरने दहा मिनिटं फेटत बसू नका, खूप हवा भरली की परत केकच.

अंड्यात कोकोचं मिश्रण, मग केळं, मग व्हॅनिला. केळं काट्याने अगदी बारीक कुस्करा, फोड राहिली तर ती खाताना बुळबुळीत लागते. मैदा आणि मीठ चाळून टाका आणि उलथन्याने खालून वर असं फिरवा, पांढरा मैदा दिसेनासा झाला की बास, त्याच्यापुढे एक फेराही नको. शेवटी चॉकलेटचे तुकडे, थोडे वरून पेरायला ठेवा. हे पीठ केकच्या पिठापेक्षा जाड असतं, टिनमधे ओतलं तर आपोआप पसरत नाही, चमच्याने कोपऱ्यापर्यंत ढकलावं लागतं. तसंच हवं.

मधल्या रॅकवर २० ते २४ मिनिटं. १९ व्या मिनिटापासून समोर उभं राहा. कडा टिनपासून जरा सुटलेल्या, वरचा भाग कोरडा, टिन हलवला तर मधे डुगडुगत नाही, आणि कडेपासून दीड-दोन इंच आत टूथपिक घातली तर तिला ओलसर चुरा चिकटून येतो. ओलं पातळ पीठ आलं तर अजून दोन मिनिटं, टूथपिक स्वच्छ आली तर उशीर झाला. केकची टूथपिक आणि ब्राउनीची टूथपिक वेगळी, हे घरातल्या मोठ्यांना पटवणं हे खरं अवघड काम, आमच्या शेजारच्या मावशी दरवेळी बघून म्हणतात, "हाई ते कच्चंच शे ना वं माय", आणि मग दुसऱ्या दिवशी दोन तुकडे नेतात. कच्चं नसतं, बाहेर काढल्यावर पण टिनच्या गरमीवर आत शिजणं चालू राहतं.

आणि आता सगळ्यात जास्त लोक जिथे गडबडतात ते: गरम कापू नका. निदान दोन तास टिनमधेच थंड, मग फ्रीजमधे तीन-चार तास, शक्य असेल तर रात्रभर. केळ्यामुळे ही ब्राउनी पहिल्या तासाला थोडी पिठूळ लागते आणि केळ्याचा वास पण पुढे येतो, दुसऱ्या दिवशी तोच वास कोकोच्या मागे जातो आणि पोत घट्ट, चिकट होतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास गेला की ओट्यावर ठेवलेली ब्राउनी थंड होतच नाही, तेव्हा तासाभराने सरळ फ्रीज. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक कापाला परत.

ओटीजी नसेल तर जाड कढई किंवा कुकर. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून टाका, तळाला वाटीभर जाड मीठ, त्यावर स्टँड, झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा, मग टिन आत ठेवून आच एकदम मंद, ३० ते ३५ मिनिटं. पापडी ओटीजीसारखी येत नाही, आतून मात्र फजी होते, मला तर कधीकधी जास्त आवडते. एअर फ्रायरमधे १५० वर १८-२० मिनिटं, पंखा जोरात असतो म्हणून वर सैल फॉइल.

लाईट गेली तर? हे खान्देशात लिहायलाच हवं. १५ मिनिटं झाली असतील आणि लाईट गेली तर दार उघडायचं नाही, आतल्या गरमीवर आणखी १५-२० मिनिटं तशीच राहू द्या, बहुतेकदा होऊन जाते. पाच-सात मिनिटांतच गेली तर टिन काढून तापवलेल्या कढईत.

बिनअंड्याची करायची तर दोन अंड्यांऐवजी ९० ग्रॅम घट्ट दही (फडक्यात अर्धा तास बांधलेलं), १ चमचा कॉर्नफ्लोअर, चिमूटभर सोडा, आणि मैदा ६० चा ७५ ग्रॅम. इथे सोडा लागतो कारण अंड्याचा उचल नाही आणि दह्याचा आंबटपणा त्याला काम देतो. साखर कोमट बटर-कोकोतच विरघळवा, मग दही, मग केळं. चकाकती पापडी येणार नाही, ती अंड्याचीच असते, त्यावर उपाय म्हणून चॉकलेटचे तुकडे सगळे वर टाका.

बदल काय चालतात. केळं नको असेल तर तेवढंच वाफवून घोटलेलं गंगाफळ (लाल भोपळा), पाणी नीट निथळून, वास अजिबात लागत नाही. निम्म्या मैद्याऐवजी दादरचं (आमच्याकडची ज्वारी) पीठ मस्त चालतं, त्यात ग्लुटेन नसल्यामुळे जरा जास्त ढवळलं गेलं तरी चिवट होत नाही, पण बारीक चाळणीने चाळा आणि निम्म्याच्या पुढे जाऊ नका, खरखरीत लागतं. दादर घातल्याने कॅलरी मात्र कमी होत नाहीत, दोन्ही पिठं जवळपास सारखीच. गुळाचंही तेच, गूळ घातला म्हणून हलकं झालं असं नाही, कॅलरी साखरेइतक्याच, चव मात्र छान येते, अर्धी साखर अर्धा गूळ करून बघा. साखर १२० ग्रॅमच्या खाली नेऊ नका, साखर नुसती गोडीसाठी नसते, ती पाणी धरून ठेवते, कमी केली की दुसऱ्या दिवशी ब्राउनी कोरडी पडते. बटरऐवजी तेल घ्यायचं तर ५० मिली, वास नसलेलं रिफाइंड. घाण्याचं शेंगदाणा तेल शेवभाजीला लाखमोलाचं, ब्राउनीत नको. वांगं घालून पण करतात म्हणे, करत असतील, बामणोदचं भरताचं वांगं माझ्या हातून तरी चॉकलेटात जाणार नाही.

केळं आहे म्हणून टिकायला जरा नाजूक. हिवाळ्यात डब्यात बाहेर दोन दिवस, उन्हाळ्यात फ्रीजमधेच, पाच दिवसांत संपवा. फ्रीजरमधे एकेक तुकडा बटर पेपरात गुंडाळून ठेवला तर महिनाभर राहतो, खायच्या आधी २० मिनिटं बाहेर काढा किंवा मायक्रोवेव्हला १५ सेकंद, त्याच्यापेक्षा जास्त नको, कडा रबरासारख्या होतात.