पैलवानाला अटक झाली अन् उपचाराचे कागद व्हॉट्सॲपवर फिरले तर

बीड-परभणीचे फड गाजवलेला मल्ल दारूच्या नादात अटक झाला, की गुन्ह्याआधी त्याचे व्यसनमुक्तीचे कागदच गावभर होतात. घरच्यांनी आधी अटकेची वेळ अन् स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक टिपावा. प्रवास वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करावंच लागतं.

मेसेज डिलीट करायला लावू नका, पुरावाच जातो. स्क्रीनशॉटमध्ये ग्रुपचं नाव, नंबर, तारीख, वेळ दिसू द्या. मूळ फोन जपून ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नं उपचाराची माहिती गोपनीय ठरते. दारूचं व्यसनही या कायद्यात येतं, हे पोलीस ठाण्यातल्या कित्येकांना ठाऊक नसतं.

तक्रार पोलीस अधीक्षकांकडे. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, १५० शब्दांच्या आत, एकच विषय. घोळ इथंच होतो. लोक अख्खी फाइल मागतात, मग 'तपास सुरू आहे' म्हणून नकार येतो. पोलिसांनी दवाखान्याकडं कागद मागितल्याच्या पत्राचा जावक क्रमांक अन् तारीख, एवढंच मागा. तरी दाद लागली नाही, तर वकिलामार्फत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका.