महाधमनीचा फुगा शिरेत फुटतो तेव्हा : या चुका टाळा

वय सत्तरीच्या आसपास, विडी-सिगारेटची जुनी सवय, दोन्ही पायांना अचानक सूज, चालताना दम, लघवी कमी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं. अशा माणसाची फाइल तीन विभागांत फिरते. हृदयाचे डॉक्टर हृदय पाहतात, किडनीचे किडनी पाहतात, पायांचा डॉप्लर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) तिसरीकडेच होतो. पोटावर हात ठेवून पाहायचं मात्र राहून जातं, आणि दुखणं नेमकं तिथेच असू शकतं.

महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी धमनी, पोटात कण्याला लागून खाली उतरते आणि साधारण बेंबीच्या पातळीला तिच्या दोन शाखा होतात. तिची नेहमीची रुंदी २ सेंमीच्या आसपास असते. ती ३ सेंमी किंवा त्याहून जास्त झाली की ॲन्युरिझम म्हणतात. रुग्णाला सांगताना डॉक्टर सरळ ‘फुगा’ म्हणतात. तिच्या उजव्या बाजूला खेटून अधोमहाशिरा असते, पायांकडचं सगळं रक्त हृदयाकडे नेणारी. फुगा फुटला की रक्त बहुधा पाठीमागच्या भागात किंवा पोटात सांडतं. पण फुटलेल्या फुग्यांपैकी शेकडा ३ ते ६ रुग्णांमध्ये भोक थेट या शिरेत पडतं. एडिंबरोचे सर्जन जेम्स साइम यांनी हा प्रकार १८३१ साली नोंदवला होता, म्हणजे एक्स-रेचाही शोध लागण्याच्या कितीतरी आधी. दुर्मीळ आहे म्हणून तो आजही पटकन आठवत नाही.

धमनीतला दाब शंभराच्या घरात, शिरेतला जेमतेम दहाच्या आत. मधली भिंत गेली की रक्त आडवाटेने थेट शिरेत धावतं. त्यातला मोठा भाग अवयवांना न पोचताच हृदयाकडे परततो, म्हणून हृदयाला दुप्पट राबावं लागतं. खाली शिरांमध्ये दाब तुंबतो. पाय सुजतात, ओटीपोटातल्या शिरा फुगतात, मूत्राशयातून किंवा गुदद्वारातून रक्त जातं. किडनीला पुढून रक्त कमी आणि मागून दाब जास्त, अशी दुहेरी कोंडी होते. बहुतेक रक्त रक्तवाहिन्यांतच फिरत राहत असल्यामुळे हिमोग्लोबिन फारसं घसरलेलं नसतं, आणि ‘रक्तस्राव नाही ना, मग घाई कशाला’ असं वाटून वेळ जातो.

पाय सुजले म्हणजे शिरेत रक्ताची गाठच, असं धरून चालणं

सूज दिसली की डीव्हीटी (पायाच्या खोल शिरेतली रक्ताची गाठ) समजून रक्त पातळ करणारं इंजेक्शन सुरू होतं. फुटलेल्या फुग्यावर ते दिलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. गंमत अशी की, मोठा फुगा कमरेतल्या शिरेवर दाबून खरीखुरी गाठही करू शकतो, त्यामुळे डॉप्लरमध्ये गाठ सापडली तरी प्रश्न संपत नाही. उतारवयातल्या पुरुषाला, विशेषतः धूम्रपान करणाऱ्याला, पोट किंवा पाठ दुखून पाय सुजले असतील तर पोटाची सोनोग्राफी त्याच वेळी करून घ्यावी. डॉप्लरमध्ये मांडीच्या शिरेतला प्रवाह धमनीसारखा ठोके देत असेल, तर तो मोठा इशारा आहे.

हृदय थकलंय म्हणून नुसत्या लघवीच्या गोळ्या

इथे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) नीट वाचावा. दम लागतोय, फुप्फुसात पाणी आहे, पण हृदयाचं पंपिंग उत्तम, उलट जोरातच. नाडी वेगवान, वरच्या आणि खालच्या बीपीत मोठं अंतर. असं असेल तर हृदयावर बाहेरून कसला भार आलाय, हे शोधायला हवं. पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर यंत्राच्या घरघरीसारखा अखंड आवाज ऐकू येतो. दुखणं, ठोके देणारा गोळा आणि हा आवाज अशी तीन लक्षणं पुस्तकात एकत्र असतात. प्रत्यक्षात तिन्ही सापडतीलच असं नाही. एक सापडलं तरी पुढे जावं.

क्रिएटिनिन वाढलंय म्हणून सीटी अँजिओ टाळणं

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. सीटी अँजिओत रक्तवाहिन्या उजळून दिसाव्यात म्हणून शिरेतून जे औषध देतात, त्या कॉन्ट्रास्टने किडनी बिघडेल या भीतीने साधा सीटी केला जातो. साध्या सीटीत फुगा दिसतो, शिरेतलं भोक सहसा दिसत नाही. कॉन्ट्रास्ट नुकताच धमन्यांत पोचलेला असताना काढलेल्या सीटी अँजिओत मात्र अधोमहाशिरा महाधमनीबरोबरच उजळते, आणि निदान तिथेच होतं. अशा रुग्णाची किडनी बिघडलेली असते ती बहुधा या आडवाटेमुळेच. भोक बंद झालं की अनेकदा ती सावरते. नातेवाइकांनी ‘किडनी आधी ठीक होऊ द्या, मग बघू’ असा आग्रह धरू नये. डॉक्टरांना कॉन्ट्रास्टबद्दल जरूर विचारा, पण तो नाकारण्याआधी न केल्याने काय निसटेल, हेही विचारा.

डाव्या कुशीत दुखतंय, लघवीतून रक्त जातंय, म्हणजे मुतखडा

काही लोकांच्या डाव्या किडनीची शिरा जन्मतःच महाधमनीच्या पुढून न जाता मागून जाते. फुगा तिच्यात फुटला तर चित्र हुबेहूब मुतखड्याचं दिसतं. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच ‘खडा’ झाला आणि सोनोग्राफीत खडा मात्र नाही, तर महाधमनीची रुंदी मोजली का, हे रिपोर्टमध्ये तपासा. लघवीच्या तक्रारीवर सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं सर्रास दिली जातात. महाधमनीचा फुगा असलेल्यांना ही औषधं दुसरा पर्याय असताना देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. फुगा माहीत असेल तर प्रत्येक डॉक्टरला तो आपणहून सांगा, अगदी दातांच्या डॉक्टरलाही.

‘नाभी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणं

बेंबीजवळ ठोका जाणवतो, पोट दुखतं, म्हणून कुणाकडून तरी पोट दाबून घेतलं जातं. सडपातळ माणसाला तिथे ठोका जाणवणं स्वाभाविक आहे. पण ठोका देणारा रुंद गोळा लागत असेल तर त्यावर जोर देऊ नये, आधी सोनोग्राफी.

फुगा आधीच माहीत असलेल्यांचा एक गैरसमज राहतो. पुरुषांत ५.५ सेंमी आणि स्त्रियांत ५ सेंमीपर्यंत नजर ठेवतात, हे खरं. पण तो हिशेब न दुखणाऱ्या फुग्याचा आहे. दुखायला लागलं, पाय सुजले, लघवीतून रक्त आलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी रक्तवाहिन्यांचे सर्जन असलेलं रुग्णालय गाठायचं.

बीपी कमी दिसलं की सलाइनच्या बाटल्या धडाधड सोडण्याचा मोह छोट्या रुग्णालयांत होतो. इथे ते पाणी थेट शिरेकडे जाऊन हृदय आणखी बुडवतं. रुग्ण शुद्धीवर असेल तर द्रव जपून द्यावं आणि हलवायची तयारी करावी.

उघड्या शस्त्रक्रियेत सर्जन शिरा सुटी करत बसत नाहीत. फुगा उघडून आतूनच भोकावर बोट किंवा गॉज दाबतात आणि आतून टाके घालतात. त्या वेळी फुग्यातली जुनी गाठ सुटून शिरेवाटे फुप्फुसात जाऊ नये, ही काळजी मोठी. मांडीच्या धमनीतून स्टेंट ग्राफ्ट (जाळीचा आधार असलेली कापडी नळी) आत बसवण्याचा मार्ग ब्युनॉस आयर्सच्या हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये वापरला, आणि आज असे काही रुग्ण त्यानेही बरे होतात. त्यात शिरेचं भोक शिवलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. छोट्या फांद्यांतून फुग्यात रक्त येत राहिलं तर ते शिरेत झिरपत राहू शकतं. म्हणून पाय उतरले, दम गेला, तरी ठरलेले सीटी चुकवू नका, आणि जुन्या सीडी फेकू नका.