फ्रान्सच्या खेड्यात आठ दिवस, शनिवारचा घोळ कसा सोडवला

जुलैमध्ये आई-बाबा आणि दोन पोरांना घेऊन दोर्दोन्यला, म्हणजे नैऋत्य फ्रान्समधल्या खेड्यापाड्यांच्या भागात, जायचं ठरलं, स्वस्त मिळाली म्हणून मंगळवारची विमानं आधी बुक करून टाकली आणि मग घर शोधायला बसलो, तिथेच फसलो. तिकडे झीत म्हणतात, म्हणजे खेड्यातलं भाड्याचं आख्खं घर, ते जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक जण शनिवार ते शनिवारच देतात, मधले दिवस मागितले की सरळ नाही. शेवटी पहिल्या चार रात्री बोर्दो शहरात काढल्या, गाडी शनिवारी सकाळी घेतली (चार दिवसांचं भाडं आणि पार्किंग वाचलं) आणि सार्ला गावाजवळच्या घरी संध्याकाळी पोचलो.

दुसरा घोळ जेवणाचा. सव्वादोनला हॉटेलात गेलो तर किचन बंद, बाबांचा चेहरा बघवेना, आणि आई शाकाहारी, तिथे तर बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत तळतात! मग दुपारी बाराच्या ठोक्याला जेवायचं नाहीतर घरीच, छोटा कुकर आणि मेतकूट नेलेलं कामी आलं. भाजी सार्लाच्या बुधवारच्या बाजारातून. लास्कोची आदिमानवाच्या चित्रांची मूळ गुहा 1963 पासून बंद आहे, प्रतिकृती बघायची तर तिकिटं आधीच काढा.